उभ्याचं तिकीट

मन्मथ,

परवा रफिकभाईनं ग्रुपवर टाकलं, ‘म्हातारा आ रहा. इस बार पक्का.’

मी पतसंस्थेत होतो, टेबलावर काम पडलेलं. वाचलं आणि सवयीनं फोन समोर ठेवून थांबलो. अशी बातमी आली की पाठोपाठ तुझा आवाज यायचा. तू कधी टाइप केलं नाहीस. तुझं सगळं बोलून पाठवलेलं. मागं लातूरच्या मोंढ्यातला सौद्याचा कालवा, पोती आपटल्याचे आवाज, आणि त्या सगळ्याच्या वर तू: ‘दिग्या, ऐकलास का? आता काय म्हणतोस?’

फोन गप्प राहिला. तो गप्प राहणार हे मला माहीत होतं. तरी मी थांबलो होतो. समोरच्या खातेदार बाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा भानावर आलो.

‘म्हातारा येणार’ हे ग्रुपचं नाव तूच ठेवलेलं. माणसं तीन: तू, मी आणि देगलूरचा रफिकभाई. ॲडमिन तू एकटाच, त्यामुळं तुझं नाव आम्हाला काढता येत नाही. काढता आलं असतं तरी काढलं नसतं. पण एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. ग्रुपवरचा निरोप सगळ्यांच्या फोनवर पोचल्याशिवाय त्याखाली दुसरी टिक येत नाही. तुझा फोन महानंदावहिनींनी बंद करून कपाटात ठेवलाय. त्यामुळं मी काहीही लिहिलं तरी खाली एकच टिक राहते. रफिकभाई वाचतो, उत्तरही देतो, पण फोनच्या मते निरोप अजून पोचलेला नाही. जणू माझं बोलणं तुझ्या दारापर्यंत जातं आणि आतून कुणी कडी काढत नाही.

म्हातारा म्हणजे तो परदेशी रॉक गायक, ज्याच्या नादात आपली सगळी उमर गेली. नांदेडला कॉलेजात असताना तू त्याची कॅसेट घेऊन खोलीवर आला होतास. रफिकभाईचं तेव्हा नांदेडलाच कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं. कव्हरवर विस्कटलेल्या केसांचा, डोळ्यांखाली पिशव्या आलेला माणूस. तू म्हणालास, ‘हे म्हातारं काय गाणार?’ आणि मग आठवडाभर दुसरं काही लावू दिलं नाहीस. शेजारच्या खोलीतला पोरगा तक्रार घेऊन आला, तर त्यालाही बसवून ऐकवलंस.

मी परवा हिशेब केला. म्हातारा तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असणार. म्हणजे आपण आत्ता आहोत त्याहून तो तरुण होता. ‘आपण आहोत’ असं लिहून गेलो. राहू दे. आज तो ऐंशीला टेकलाय, अजून गातोय म्हणतात, आणि त्याला म्हातारा म्हणणारा तू गेलास. ही वजाबाकी मला करता येत नाही.

त्या कॅसेटवर दुसऱ्या बाजूला, एक गाणं संपतं आणि लोकांचा गलका ओसरत असतो, तेव्हा तो एकदाच ओरडतो. ‘हाव!’ तू उडी मारून कॅसेट मागं घेतलीस.

‘दिग्या, ह्यो आपलाच माणूस हाय. हाव म्हणून राहिला बघ!’

‘अरे, ते इंग्रजीतलं हाऊ आहे. विचारतोय तो. कसं, म्हणून.’

‘कशाला विचारील? पब्लिक खूश हाय, टाळ्या वाजून राहिल्या. हाव म्हणतोय. हाव म्हंजे हाव.’

आपल्याकडं होकाराला ‘हाव’ म्हणतात हे त्या माणसाला समजायचं काही कारण नव्हतं, हे मी तुला किती वेळा सांगितलं. तू ऐकलं नाहीस. पुढं इंटरनेट आलं, घरबसल्या सोक्षमोक्ष लावता आला असता, तर तू शपथ घातलीस. ‘नेटवर बघितलास तर दोस्ती बंद. त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्या तोंडानंच ऐकायचं.’ मी बघितलं नाही. अजूनही बघितलेलं नाही. तो होकार देतो का प्रश्न विचारतो, हा आपला वाद होता तिथंच आहे. फरक एवढाच की आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात, आणि तुझी बाजू मांडताना माझा आवाज तुझ्यासारखा चढतो.

तो कधी आला नाही. येणार येणार म्हणून दरवर्षी उठायचं, दिवाळी झाली की हमखास. कुणाच्या मेव्हण्यानं विमानतळावर सामान बघितलेलं असायचं, कुणाला मुंबईच्या हॉटेलातल्या आचाऱ्यानं सांगितलेलं असायचं. म्हणून मी नियम केला होता की दोन वेगळ्या ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय कुणी नाचायचं नाही. तू आधी नाचायचास आणि मग विचारायचास, ‘दुसरं ठिकाण कुठलं धरू? एक तर मी, दुसरे रफिकभाई.’

एकदाच माझा नियम मोडला. रफिकभाईच्या साडूनं हैदराबादहून कळवलं की म्हाताऱ्याच्या नावाची पोस्टरं लागलीत. आपण तिघं एसटीनं गेलो. सुनंदानं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. मैदानाच्या फाटकाशी पोस्टर बघितलं तर म्हाताऱ्याचं नाव हातभर मोठं आणि त्याखाली बोटाएवढ्या अक्षरात ‘यांच्या गाण्यांची संध्याकाळ’. गाणारा सिकंदराबादचा, डोक्याला केसांचा टोप. मी म्हटलं, परत जाऊ, दोनशे रुपये गेले ते गेले. तू ऐकायला थांबलासच कुठं? गर्दीत घुसून पार स्टेजच्या कठड्याला जाऊन उभा राहिलास. मी मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर दशम्यांची पिशवी. मला तिथून फक्त तुझं डोकं दिसत होतं, वरखाली होणारं. एकदा तू वळलास, गर्दीवरून मला शोधलंस आणि हात केलास. ये. मी पिशवी उचलून दाखवली.

परतीच्या एसटीत तू म्हणालास, ‘पुढं का न्हाई आलास?’

‘पिशवी होती.’

‘चटणी चोरायला कोण येत होतं रे?’

‘मला बसून बरं ऐकू येतं.’

‘खोटं. तू बसलास की मोजतोस. किती माणसं, किती तिकिटं, किती गल्ला. उभा राहिला असतास तर ऐकला असतास.’

त्या दिवशी दोनशे रुपयांच्या हिशेबानं गल्ला किती झाला असेल ते मी खरंच काढून ठेवलं होतं. तुला सांगितलं नाही. रफिकभाईनं विचारलं, त्या नकलाकारानं ‘हाव’ म्हटलं का? तू एकदम तुच्छतेनं म्हणालास, ‘नकली माणूस त्यो. त्याला हाव कुठून येणार?’ आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलास, ते थेट नांदेडला उठलास.

मागच्या उन्हाळ्यात लातूरला तुझ्या आडतीवर बसलो होतो ते आपलं शेवटचं बसणं. रफिकभाई मोबाइलचं सामान न्यायला आला होता, मी पतसंस्थेच्या कामासाठी. मुंबईला म्हातारा येणार अशी हवा होती आणि तिकिटांचे भावही फिरत होते.

‘बोला मुनीमजी, किती येतंय?’ तू मला मुनीमजी म्हटलंस की तुझा खरा मुनीम दचकून मान वर करायचा.

मी सांगितलं. बसायचं तिकीट साडेसहा हजार. त्यावर बुकिंगचे जादा. गाडीचं जाणं-येणं, एक दिवसाचा लॉज, जेवण, रिक्षा, पाण्याची बाटली.

‘पाण्याची बाटली?’

‘बाहेरचं पाणी आत नेऊ देत नाहीत. आत साठ रुपयाला एक पडते म्हणतात. माणशी दोन धरल्यात.’

‘रफिकभाई, हा माणूस तहान मोजून राहिला बघा.’

रफिकभाई बशीतला चहा फुंकत म्हणाला, ‘मेरी तीन पकडो दिगंबरभाई. मेरेकू शुगर है.’

‘आणि बसायचं कुणी सांगितलं तुला?’ तू म्हणालास. ‘उभ्याचं काढायचं. स्टेजच्या म्होरं.’

‘उभ्याचं अठरा हजार आहे.’

‘मग?’

‘मन्मथ, जगात कुठंही गेलं तर बसायचे पैसे पडतात. एसटीत उभं राहिलं म्हणून कंडक्टर पावणेतीनपट मागतो का? इथं खुर्ची देत नाहीत त्याबद्दल साडेअकरा हजार जादा द्यायचे?’

‘ते खुर्चीचे न्हाईत. जवळचे हायेत.’

‘चार तास उभं राहायचं ह्या वयात. माझा गुडघा…’

‘अरे बसून ऐकायला ते काय पुराण हाय का?’

‘पुराणाला बसणं फुकट असतं.’

मुनीमसुद्धा हसला. तू मात्र हसता हसता थांबलास आणि म्हणालास, ‘दिग्या, मी उभ्याचंच काढणार. तू वर बस. पण मी वळून हात केला तर पिशवी दाखवू नको.’ इतक्या वर्षांनी तुला ती पिशवी आठवत होती.

मग घरी जेवायला नेलंस. तुझी आई निलंग्याच्या पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावची. मी दारात दिसलो की आधी ‘कुंद्रु’ म्हणायची, बस म्हणून. कॉलेजात असल्यापासून त्या माउलीनं माझ्याशी दुसऱ्या शब्दानं बोलायला सुरुवात केल्याचं मला आठवत नाही. कानडीतला मला येणारा हा एकच शब्द. तू कुरकुरायचास, ‘हिला जो येईल त्याला बसवायचंच सुचतं.’

त्यानंतर काही आठवड्यांनी तुझा तो निरोप आला. शेवटचा. ‘दिग्या, मी उद्या मुंबईलाच जाऊन येतो. तिथं माझा एक व्यापारी हाय, त्याच्या वळखीचा माणूस ह्या कार्यक्रमवाल्यांत हाय. तिकिटं खुली व्हायच्या आत हातात घेतो. तू येतोस का न्हाई तेवढं सांग. हाव का न्हाई? हिशेब सांगू नको.’

मी लिहिलं, ‘पक्कं झालं की सांगतो.’

माझं उत्तर नेहमी हेच असायचं आणि मला त्यात आजही चूक दिसत नाही. नसलेल्या कार्यक्रमाला हो म्हणता येत नाही. तुला कळवायचं राहिलं, ती बातमी खोटीच निघाली. म्हाताऱ्याच्या माणसांनीच सांगितलं की असं काही ठरलेलं नव्हतं. मी बरोबर होतो. मी बरोबर निघालो की तू रुसायचास, दोन-चार दिवस फोन उचलायचा नाहीस. कधी कधी वाटतं, हे तेच चाललंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर रफिकभाईचे दोन शब्द आले. ‘मन्मथ गया.’

मी लिहिलं, ‘कोणत्या गाडीनं?’

मला एवढंच वाटलं की सकाळी कशाला निघाला, संध्याकाळची गाडी बरी पडते. रफिकभाई काही बोलेना म्हणून मी पुन्हा लिहिलं, ‘रिझर्व्हेशन मिळालं का?’ मग त्याचा फोन आला. तो रडत होता का ते मला कळलं नाही. तो म्हणाला, ‘दिगंबरभाई, पहले बैठ जाओ.’ मी बसलेलोच होतो.

तुझ्या फोनवर शेवटचा नंबर त्याचा होता म्हणून मुनीमानं त्याला कळवलं होतं. सौद्यात उभा होतास, भाव बोलायला हात वर केलास, आणि तसाच. असं सगळे सांगतात. मी त्यावर जास्त विचारलं नाही.

माझे ते दोन प्रश्न अजून ग्रुपवर आहेत. त्यांच्याखाली दोन-दोन टिका आहेत, आणि निळ्या. म्हणजे सगळ्यांनी वाचले. तुझा फोन तेव्हा मुनीमाच्या हातात होता, त्यानंच उघडून बघितले असणार. हे मला समजतं, मी अडाणी माणूस नाही. पण कोणती गाडी, रिझर्व्हेशन होतं का, हे तुझ्यापर्यंत पोचलं आणि त्यानंतर मी लिहिलेलं एक अक्षर पोचलेलं नाही, असं फोन म्हणतो.

लातूरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तुमच्या घरची लग्नं, बारशी मी जेवलोय, पण मयताला कधी आलो नव्हतो. ‘तुमच्यात बसवून नेतात’ हे ऐकून माहीत होतं. ऐकणं वेगळं. आमच्यात माणूस गेला की त्याला जमिनीवर घेतात, निजवतात. म्हणून मी आत शिरलो आणि खाली बघितलं. तू खाली नव्हतास. मी मान वर केली तर माझ्या अगदी समोर होतास, भिंतीला टेकून खुर्चीत, ताठ. कपाळभर भस्म, गळ्यात हार, तळहातावर लिंग. पाठ सरकू नये म्हणून छातीवरून पंचा बांधलेला. मन्मथ, खोलीतली सगळी माणसं उभी होती आणि तू एकटा बसला होतास.

तुझं अंग एका बाजूला कललं तसं आईनं पुढं होऊन खांद्याला धरून सरळ केलं आणि म्हणाली, ‘कुंद्रु, मगा. कुंद्रु.’ बस लेकरा, असं लहान पोराला जेवायला बसवतात त्या आवाजात. मी बाहेर जाऊन पायरीवर उभा राहिलो.

मळ्यापर्यंत तुला तसंच बसवून, फुलांनी मढवून नेलं. पुढं भजन. खड्ड्यातही बसवलं. मग बेलाची पानं, भस्म, मीठ, आणि मग माती. माती गुडघ्यांपर्यंत आली, पोटापर्यंत आली, आणि तू समोर बघत होतास. रफिकभाईनं माझं कोपर घट्ट धरलं होतं. तो हळूच म्हणाला, ‘बैठ गये अपने भाई.’

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते तसंच लिहितो. मनात आलं, अठरा हजार वाचले. मला हसू आलं. तुला सांगितलं असतं तर तूच सगळ्यात मोठ्यानं हसला असतास. ‘बघा रफिकभाई, खड्ड्याच्या काठावरबी मोजून राहिला.’

मी भुतंखेतं मानत नाही, तुला माहीत आहे. पण निजवलेल्या माणसाबद्दल, झोपला बिचारा, अशी मनाची समजूत घालता येते. जाळल्यावर तर विषयच मिटतो. बसलेला माणूस मात्र वाट बघत असतो. आता मला कुठंही पाठ ताठ करून बसलेला माणूस दिसला की माझे पाय थांबतात. परवा मुखेडच्या एसटीत पुढच्या बाकावर एकजण तसा होता, खिडकीबाहेर बघत नव्हता, झोपत नव्हता, सरळ समोर बघत होता. तो उतरेपर्यंत मी श्वास मोजत बसलो. अंधाऱ्या मैदानात लोक खुर्च्यांवर बसलेत, स्टेजवर अजून दिवे लागलेले नाहीत, असं काहीतरी मला दिसत राहतं. तू त्यात आहेस. कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघतोयस. आणि तू मला वर बस म्हणाला होतास, तर वर मी आहेच.

सुनंदा एकदा म्हणाली होती, ‘तुम्ही मन्मथभाऊजींचा आवाज आला की सगळ्या चेहऱ्यानं हसता.’ तेव्हा मी मनावर घेतलं नाही. आता कळतं की माझ्या ह्या सरळ रेषेतल्या आयुष्यात, नोकरी, हप्ते, गावाकडची जमीन, ह्यांच्या पलीकडचं असं एक खूळ तू मला दिलंस, आणि मी ‘नाही’ म्हणत असतानाही ते माझ्याकडून काढून घेतलं नाहीस. रुसलास, शिव्या दिल्यास, पण प्रत्येक अफवेला मलाच पहिल्यांदा आवाज दिलास. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तोंडावर मानले असते तर तू म्हणाला असतास, ‘तब्येत बरी हाय ना?’

तर परवा रफिकभाईनं टाकलेली बातमी. मी दुसरं ठिकाण शोधलं नाही. संध्याकाळी घरी आलो, चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभा राहिलो. सुनंदा भाजी निवडत होती.

‘बसा की.’ तिनं खुर्ची पुढं सरकवली.

‘असू दे.’

बराच वेळ गेला. चहा दिला, तोही उभ्यानंच घेतला. तिनं भाजी बाजूला ठेवली. ‘गुडघा दुखतोय म्हणता आणि उभे काय राहता? काय झालंय तुम्हाला?’

‘सवय करतोय.’

‘कसली?’

मी सांगितलं. म्हातारा, मुंबई, चार तास. ती ऐकत राहिली. मग तिनं जे विचारलं ते विचारण्यासारखंच होतं. ‘किती आहे उभ्याचं?’

‘मागच्या वेळी अठरा हजार बोलत होते.’

‘आणि बसायचं?’

‘साडेसहा.’

ती हिशेबी बाई आहे, माझ्यापेक्षा काकणभर जास्तच. मला वाटलं, आता गुडघा, वय, गॅलरीची गळती, सगळं निघणार. ती म्हणाली, ‘मग उभ्याचं कशाला?’

मी म्हटलं, ‘आमच्या दोघांतला एकजण बसलाय. एकानं तरी उभं राहायला पाहिजे.’

तिनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि मघाची खुर्ची ओढून भिंतीला लावून ठेवली, माझ्या वाटेतून बाजूला.

तू विचारलं होतंस, हाव का न्हाई. ही बातमीही खोटी असेल. असण्याचीच शक्यता जास्त आहे, एवढं गणित मला येतं. म्हातारा आलाच आणि तसा ओरडलाच, तर मी अगदी जवळून, नीट ऐकून घेईन. तो विचारत असला तरी माझ्याकडं त्याला द्यायला आता एकच उत्तर आहे.

मी ग्रुपवर लिहिलं, ‘हाव. उभ्याचं.’

एक टिक आली. एवढीच येणार होती.

रफिकभाईचं उत्तर लगेच आलं. ‘कौनसी गाडी से?’

त्याला काही आठवलं नसावं. सरळ माणूस, सरळ प्रश्न. मी मात्र ओट्याला धरून राहिलो. माझेच शब्द इतक्या दिवसांनी फिरून माझ्याकडं आले होते, आणि ते कुणी पाठवले असं मला क्षणभर वाटलं ते इथं लिहीत नाही. तुला माहीत आहे.

मी लिहिलं, ‘लातूरहून.’

नांदेडहून मुंबईला सरळ गाडी आहे. लातूरला जायचं म्हणजे आधी तीन तासांची एसटी, तिचे पैसे वेगळे, रफिकभाईलाही आडवळण, आणि गाडीच्या आधी दोन-अडीच तास मोकळे, ज्यांत तुझ्या मळ्यापर्यंत जाऊन येता येतं. रफिकभाईनं का म्हणून विचारलं नाही. मीच उभ्या उभ्या सगळं गणित दोनदा करून बघितलं.

हिशेबात बसत नाही, मन्मथ. न बसू दे.